नोव्हेंबरातले आल्प्स: हंगाम नसताना बर्नर ओबरलांडला जायचं तर

बर्नर ओबरलांडला, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात, पहिल्या खेपेला आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. आई, बाबा आणि मी. सकाळी लवकर उठून, डबा भरून, एका रोपवेच्या खालच्या स्टेशनाशी पोचलो तर दाराला कुलूप. काचेवर कागद चिकटवलेला आणि त्यावर एकच मोठा शब्द: 'रेव्हिझिओन'. वर तारेला लोंबकळणाऱ्या पाळण्यात नारिंगी जाकिटातली दोन माणसं पान्हे घेऊन काम करत होती. बाबांनी विचारलं, "किती वेळ लागेल?" मी फोनवर तारखा पाहिल्या. पुढचे चार आठवडे.

स्वित्झर्लंडच्या डोंगरांत हंगाम नसताना जायचं असेल तर हा शब्द घरूनच शिकून जा. रेव्हिझिओन म्हणजे वार्षिक देखभाल. रोपवेच्या तारा, चाकं, ब्रेक तपासायचं काम उन्हाळ्याची गर्दी संपल्यावर आणि स्कीइंगची सुरू व्हायच्या आत उरकावं लागतं. दुसरा शब्द 'बेट्रीब्सफेरियन'. तो हॉटेलांच्या आणि खाणावळींच्या दारावर दिसतो. सगळ्या कर्मचाऱ्यांना एकदम सुट्टी, म्हणून बंद. आपल्याकडे पावसाळ्यात महाबळेश्वरची बाजारपेठ जशी अर्धी मिटते, तसंच हे. डोंगर असतातच, फक्त पाहुण्यांसाठी मांडलेलं सामान आवरून ठेवलेलं असतं.

त्या दिवशी आम्ही रोपवेचा नाद सोडून लाउटरब्रुनेनच्या दरीतून चालत गेलो. श्टाउबबाख धबधब्याच्या खाली आम्ही तिघंच. जुलैमध्ये तिथे फोटोसाठी रांग लागते. तेव्हापासून मी तीनदा गेले आहे, तिन्ही वेळा हंगाम सोडून, आणि नव्याने जाणाऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: उन्हाळ्याचं वेळापत्रक घेऊन स्वस्तात जाऊ असं ठरवू नका. आधी काय चालू आहे ते शोधा आणि त्याच्याभोवती सहल बांधा.

पहिली पायरी: कुठला मोकळा काळ?

तिथले लोक याला 'त्स्विशेनसेझॉन' म्हणतात, म्हणजे दोन हंगामांमधला काळ. तो वर्षात दोनदा येतो. एक, ईस्टरनंतर स्की बंद झाल्यापासून साधारण मेच्या शेवटापर्यंत. दुसरा, ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. दोन्ही वेळा गर्दी नसते आणि खोल्या स्वस्त मिळतात, पण अनुभव अगदी वेगळा येतो.

एप्रिलच्या शेवटी दिवस मोठा असतो. सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो. बर्फ वितळत असल्यामुळे लाउटरब्रुनेनचे धबधबे भरून वाहतात. दरीतली कुरणं रानफुलांनी पिवळी होतात आणि थोडं वर, जिथून बर्फ नुकताच मागे हटलाय तिथे, ओल्या गवतातून क्रोकसची पांढरी-जांभळी फुलं वर येतात. अडचण वरच्या वाटांची. दीड-दोन हजार मीटरच्या वर अजून भरपूर बर्फ, आणि तोही भुसभुशीत.

नोव्हेंबरात दिवस लहान. महिन्याच्या मध्यावर सूर्य साडेसातला उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. लाउटरब्रुनेनसारख्या खोल दरीत दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे ऊन काही तासच टिकतं. धबधबे बारीक झालेले. पण हवा स्वच्छ असली तर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरं इतकी रेखीव दिसतात की नजर हटत नाही. आणि गावं त्यांच्या स्वतःच्या कामात असतात. सप्टेंबरात वरच्या कुरणांवरून गायी खाली आलेल्या असतात, घरांच्या भिंतींना लाकडं रचून ठेवलेली असतात, कोणी छप्पर दुरुस्त करतंय, कोणी कुंपण काढून ठेवतंय. मला हे बघायला आवडतं.

लहान मुलं सोबत असतील किंवा पहिल्यांदाच युरोपला जात असाल, तर मेचा दुसरा पंधरवडा निवडा. शांतता हवी असेल आणि दोन दिवस धुक्यात गेले तरी चालणार असेल, तर नोव्हेंबर.

दुसरी पायरी: विमानाचं तिकीट काढायच्या आधी बंदची यादी करा

हे काम एका संध्याकाळीत होतं, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात. एका कागदावर तुम्हाला बघायच्या जागा लिहा. मग प्रत्येक रोपवे आणि डोंगरी रेल्वेच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या रेव्हिझिओनच्या तारखा बघा. त्या दरवर्षी थोड्या हलतात, म्हणून मागच्या वर्षी कोणी काय लिहिलं यावर विसंबू नका. ढोबळ चित्र असं:

शिनिगे प्लाटेची दात्यांच्या रुळांवरची रेल्वे आणि ब्रिएन्झची वाफेची डोंगरी रेल्वे फक्त उन्हाळ्यात, साधारण जून ते ऑक्टोबर चालतात. ट्र्युमेलबाखचे डोंगराच्या पोटातले धबधबे एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत खुले असतात. मायरिंगेनजवळची आरे नदीची घळ आणि बालेनबेर्गचं जुन्या घरांचं खुलं संग्रहालय हिवाळ्यात बंद. व्हेंगेनहून मेनलिखेनला जाणारा रोपवे दोन्ही मोकळ्या काळांत बंद असतो. शिल्टहॉर्न शिखराच्या माथ्यापर्यंतचा रोपवे आणि ग्रिंडेलवाल्डहून 'फर्स्ट' नावाच्या ठिकाणी जाणारा गोंडोला यांचीही देखभाल याच काळात निघते.

आता चालू काय असतं ते. युंगफ्राउयोखची रेल्वे वर्षभर चालते. ३,४५४ मीटरवरचं हे युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन १९१२ साली सुरू झालं. ग्रिंडेलवाल्डहून याच रेल्वेच्या आयगरग्लेचर स्टेशनापर्यंत पंधरा मिनिटांत नेणारा आयगर एक्स्प्रेस रोपवे डिसेंबर २०२० पासून आहे. देखभालीसाठी तो काही दिवस थांबतो, पण तेव्हा क्लाइने शायडेगमार्गे रेल्वेने जाता येतं. इंटरलाकेनच्या डोक्यावरचं १,३२२ मीटरवरचं हार्डर कुल्म हे दृश्यस्थळ साधारण नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत सुरू राहतं. आणि व्हेंगेन, म्युरेन या गावांपर्यंत तर जाता येतंच. ही दोन्ही गावं मोटारींना बंद आहेत, तिथे माणसं राहतात, मुलं शाळेत जातात, त्यामुळे एक मार्ग देखभालीला घेतला की दुसरी सोय केलेली असते.

एक युक्ती. स्विस रेल्वेच्या एसबीबी ॲपमध्ये तुमची नेमकी तारीख घालून 'कुठून-कुठे' शोधा. त्या दिवशी मार्ग बंद असेल तर ॲप तो दाखवत नाही किंवा वळसा घालून नेतं. फक्त तारीख घालायला विसरू नका, आणि हेही लक्षात ठेवा की तिथलं रेल्वेचं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या मध्याजवळच्या एका रविवारी बदलतं.

तिसरी पायरी: मुक्काम कुठे?

हंगामात वरच्या गावात राहणं छान. मोकळ्या काळात मात्र मी सांगेन, पहिल्यांदा जात असाल तर इंटरलाकेन किंवा लाउटरब्रुनेनला राहा. म्युरेन नोव्हेंबरात सुंदर आणि अगदी सुनं असतं, पण तिथे त्या आठवड्यात जेवायला एकच जागा उघडी असू शकते आणि तिचाही साप्ताहिक सुट्टीचा दिवस असतो. त्याला 'रूहेटाग' म्हणतात.

इंटरलाकेन दोन सरोवरांच्या मधलं मोठं गाव, दुकानं चालू, सगळीकडे गाड्या. लाउटरब्रुनेन वीस मिनिटांवर, ग्रिंडेलवाल्ड पस्तीस-एक मिनिटांवर. एक सावधगिरी: इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनाहून निघालेली गाडी त्स्वाइल्युचिनेन स्टेशनात तुटते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा.

खोलीऐवजी स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्या. त्याला तिथे 'फेरियनव्होनुंग' म्हणतात. का, ते जेवणाच्या भागात सांगते. बुक करताना मालकाला दोन ओळींचा निरोप पाठवा: आमच्या तारखांना गावात दुकान आणि उपाहारगृह उघडं असेल का? मला दर वेळी सरळ उत्तर मिळालं आहे. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मिळतं का तेही विचारा. अनेक गावांत त्या कार्डावर गावातली बस फुकट असते.

चौथी पायरी: व्हिसा आणि प्रवासाचा पास

स्वित्झर्लंडला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शुल्क जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, पण तेवढ्यावर थांबू नका. डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या. मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे आणि झुरिक विमानतळावरून इंटरलाकेन रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांवर.

पासच्या बाबतीत मोकळ्या काळाचं गणित वेगळं पडतं. स्विस ट्रॅव्हल पास सगळ्यांच्या तोंडी असतो. त्यात रेल्वे, बस, बोटी येतात, काही डोंगरही येतात. पण त्यांतले काही डोंगर त्या महिन्यांत बंदच असतात, सरोवरावरच्या बोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात, आणि हवामानामुळे तुम्ही एक-दोन दिवस गावातच काढणार असता. युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्यावर तर या पासाने फक्त सवलत मिळते. म्हणून एका ठिकाणी आठवडाभर राहणाऱ्याला मी हाफ फेअर कार्ड सुचवते. महिनाभर जवळजवळ सगळी तिकिटं अर्ध्या दरात, डोंगरावरच्या गाड्यांसकट. ज्या दिवशी लांब जायचं ठरलेलं आहे त्या दिवसापुरता सेव्हर डे पास आधीच काढून ठेवा. जितका लवकर काढाल तितका स्वस्त. आईवडिलांसोबत सोळा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्डावर फुकट प्रवास आहे, तेही मागून घ्या.

मोटार भाड्याने घेऊ नका. ग्रिमसेल, फुर्का, सुस्टेन हे घाट हिवाळाभर बंद असतात आणि मे-जूनमध्ये उघडतात. नकाशावर तासाभराचा दिसणारा रस्ता प्रत्यक्षात नसतोच.

पाचवी पायरी: दिवस वारावर नको, आभाळावर ठरवा

"सोमवारी युंगफ्राउयोख, मंगळवारी ग्रिंडेलवाल्ड" असं लिहून नेऊ नका. मी घरून निघताना तीन याद्या करते: स्वच्छ दिवसासाठी, खाली धुकं असेल त्या दिवसासाठी, आणि पावसाच्या दिवसासाठी. कुठली यादी उघडायची ते आदल्या रात्री ठरतं.

धुक्याचं नीट समजून घ्या, कारण नोव्हेंबरची सहल यावर तरते. शरदात जड थंड हवा खाली साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. खालच्या हवेत करड्या ढगाची चादर तयार होते. तिला 'होखनेबेल' म्हणतात. बर्न, थुन, सरोवराचा काठ, सगळं दिवसेंदिवस तिच्याखाली. पण तिची वरची कड बऱ्याचदा हजार मीटरच्या आसपास असते. म्हणजे खिडकीतून सगळं राखाडी दिसत असताना १,२७४ मीटरवरच्या व्हेंगेनमध्ये किंवा १,६३८ मीटरवरच्या म्युरेनमध्ये लख्ख ऊन असू शकतं, आणि पायाखाली ढगांचा समुद्र. आमच्या घरमालकीणबाईंनी सकाळी सातला दार वाजवून आईला खुणेने वर बोट दाखवलं होतं. आम्ही तशाच निघालो. व्हेंगेनच्या गाडीत एका वळणावर धुकं मागे पडलं आणि आई मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली. डब्यातले दोघं-तिघं तिच्याकडे बघून हसले.

यासाठी रोज उठल्यावर वरच्या स्टेशनांचे वेबकॅमेरे बघा. ते फुकट असतात, अनेक हॉटेलांत टीव्हीच्या एका वाहिनीवरही लागतात. अंदाजासाठी मेटेओस्विसचं ॲप. युंगफ्राउयोखचं तिकीट महाग आहे, म्हणून कॅमेऱ्यात माथा दिसल्याशिवाय काढू नका.

दुसरा शब्द 'फ्योन'. हा दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून खाली कोसळणारा कोरडा, उबदार वारा. तो सुटला की नोव्हेंबरातही स्वेटर काढावा लागतो आणि डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात. पण जोरदार फ्योनमध्ये रोपवे थांबवतात, आणि तो संपला की अनेकदा पाऊस किंवा बर्फ येतो. त्या दिवशी परतीचा रस्ता रेल्वेचा असू द्या.

पावसाच्या यादीत माझ्याकडे बर्नचं जुनं शहर असतं. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या शहरात रस्त्याकडेला लांबच लांब दगडी कमानींचे ओसरे आहेत. छत्री न उघडता अर्धा दिवस फिरता येतं. मुलं असतील तर लुझर्नचं वाहतूक संग्रहालय. तिथे एक दिवस कमी पडतो.

सहावी पायरी: चालायला जाताना

वाटांच्या पाट्या सोप्या आहेत. नुसती पिवळी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, जिथे पाय स्थिर हवा. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे दोर आणि अनुभव असणाऱ्यांची वाट. मोकळ्या काळात नवख्याने पिवळ्या पाट्यांवरच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेक केलेल्यांनाही हेच सांगते. कातळकड्यावर सरावलेला पाय गोठलेल्या गवतावर आणि सावलीतल्या बर्फाच्या पातळ थरावर तितकाच सहज घसरतो. पाटीवर लिहिलेली वेळ न थांबता चालणाऱ्याची असते. आईबाबांसोबत मी तिची दीडपट धरते.

लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग ही दरीतली सपाट वाट जवळजवळ वर्षभर चालता येते. सहा-सात किलोमीटर, नदीच्या काठाने, दमलात तर परत यायला बस. श्टाउबबाखचा जवळजवळ तीनशे मीटरचा धबधबा याच वाटेवर सुरुवातीला लागतो. बर्फ नसेल तर ग्र्युचआल्प ते म्युरेन ही तासा-सव्वातासाची वाटही घ्या. संपूर्ण वाटभर समोर तीन शिखरं. पण आदल्या दिवशी गावात विचारून घ्या, वाट मोकळी आहे ना म्हणून.

वसंतात दुपारचं ऊन लागलं की उतारावरचा बर्फ जड होऊन घसरतो. दावोसची बर्फ आणि हिमस्खलन संशोधन संस्था रोज धोक्याची पातळी जाहीर करते, एक ते पाच. 'व्हाइट रिस्क' ॲपवर ती दिसते. नवख्यासाठी नियम साधा: बर्फाच्या उताराखालून जाणारी वाट सोडायची, आणि बंदची पाटी किंवा आडवी दोरी दिसली तर मागे फिरायचं. फोनमध्ये तीन क्रमांक घालून ठेवा. ११२ सर्वसाधारण मदत, १४४ रुग्णवाहिका, १४१४ रेगा या हवाई बचाव संस्थेचं हेलिकॉप्टर.

कपड्यांचं थोडक्यात. एक जाड कोट नेण्यापेक्षा थर न्या: आत थर्मल, वर लोकरी किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. बूट घोट्यापर्यंतचे आणि पाणी न शिरणारे. बुटाला खालून चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे तिथल्या खेळाच्या दुकानांत मिळतात. नोव्हेंबरात आईसाठी घेतले, आणि निर्धास्त झाले. काळा चष्मा दोन्ही काळांत लागतो.

सातवी पायरी: पोटाची सोय

आम्ही पहिल्यांदा पोचलो तो रविवार होता. रविवारी स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद. कोप, मिग्रो, सगळं बंद. गावातली दोन्ही उपाहारगृहं सुट्टीवर. त्या रात्री मेतकूट-भातावर निभावलं. आता मी शक्यतो रविवारी पोचत नाही, आणि पोचलेच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातल्या किंवा विमानतळावरच्या दुकानातून दूध, ब्रेड, भाजी घेऊनच पुढची गाडी धरते. ती दुकानं रविवारीही उघडी असतात.

घरून काय न्यावं? भाजणी, पोहे, मेतकूट, कोरड्या चटण्या, डाळ-तांदूळ. काय नेऊ नये हे जास्त महत्त्वाचं. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसापासून केलेले पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, चक्का नाही. लोणी तिथलं घ्या आणि घरीच कढवा. तिथलं दूध असं आहे की साजूक तूप सुरेख रवाळ होतं. पाणी विकत घेऊ नका, नळाचं आणि गावातल्या दगडी कुंडांचं पितात. फक्त 'काइन ट्रिंकवासर', म्हणजे 'पिण्याचं पाणी नाही', अशी पाटी असेल तिथलं नको.

बाहेर जेवताना वेळ पाळा. दुपारी दोननंतर चूल बंद होते ती सहापर्यंत. शाकाहारी असाल तर र्‍योश्ती, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर, किंवा एल्प्लरमाग्रोनेन मागा. त्यात मॅकरोनी, बटाटा आणि चीज असतं, सोबत शिजवलेल्या सफरचंदाचा गर. दोन्हींत 'श्पेक', म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, घालायची पद्धत आहे. म्हणून ऑर्डर देतानाच "ओने श्पेक" म्हणा. आणि आत शिरताना "ग्र्युएसेख" म्हणायला विसरू नका. बर्नकडचा हा नमस्कार आहे. हंगाम नसतो तेव्हा मालकिणीला बोलायला वेळ असतो. आईला एका बाईंनी चीजचं तळघर उघडून दाखवलं होतं, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना.

नोव्हेंबरात जात असाल तर तारखा जुळवताना चौथा सोमवार सहलीत येईल असं बघा. त्या दिवशी बर्नमध्ये 'झिबेलेमेरित' भरतो, म्हणजे कांद्यांचा बाजार. लाल-पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या, सुकलेली फुलं गुंफून, टांगून ठेवलेल्या असतात. लासलगावच्या बाजूचं कोणी सोबत असेल तर त्याला नक्की न्या. बाजार अंधारातच सुरू होतो आणि दुपारपर्यंत सगळं शहर रंगीत कागदाच्या तुकड्यांनी भरून जातं. इंटरलाकेनहून बर्न तासाभराच्या आत येतं. पहाटेची पहिली गाडी धरा, हातमोजे घाला, आणि गरम कांद्याच्या पायचा तुकडा हातात आला की मगच वेण्या बघायला लागा.